अभिप्राय कळवावा, म्हणजे काय?

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानावर संपादक न चुकता लिहितात : अंक कसा वाटला, जरूर कळवावे. वाचकही कळवतात. अंक वाचनीय, मुखपृष्ठ आकर्षक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. असे पत्र अंक न उघडताही लिहिता येते, आणि माझी तक्रार नेमकी तेवढीच आहे.

आपल्या सिल्वासाचेच उदाहरण घेऊ. दादरा नगर हवेलीच्या मुक्तीवर मराठीत लेख येतात, त्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे हमखास असतात. असायलाच हवेत, जिवावर उदार होऊन ती माणसे इथे आली होती. परंतु अशा लेखाला 'स्फूर्तिदायक' म्हणून मोकळा होणारा वाचक लेखकाला काय देतो? सिल्वासा मुक्त झाले 2 ऑगस्ट 1954 रोजी. दादरा आणि नरोली त्याआधी जुलैतच मोकळी झाली होती. आमचे गाव एका ओळीत का उरकले, एवढे जरी नरोलीच्या वाचकाने विचारले, तरी लेखकाला पुन्हा कागदपत्रांकडे वळावे लागेल. विलीनीकरण 1961 चे. मग मधल्या सात वर्षांचे काय? आणि खानवेलकडच्या वाचकाने विचारावे, की या सगळ्यात वारली, कोकणा, धोडिया कुठे होते? मुलखात बहुसंख्य तर तेच होते.

असे विचारणे उद्धटपणाचे वाटते खरे. पण 1885 साली महादेव गोविंद रानडे यांच्याकडून मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले, तेव्हा जोतीराव फुले यांनी नुसता नकार कळवला नाही. या ग्रंथकारांच्या लिखाणात शूद्रातिशूद्रांच्या जगण्याला जागा नाही, ही हरकत त्यांनी पत्रातच मांडली. सभेत कोण काय बोलले ते आज थोड्यांना ठाऊक. पत्र मात्र अजून वाचले जाते.

हरकत म्हणजे भांडण नव्हे. धारवाडसारख्या दुभाषी गावात राहणारे जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळत नसत. त्यांचा आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार मात्र पाहावा. दोन्ही बाजूंची पत्रे पुस्तकरूपाने आली आहेत. पुस्तकांविषयी इतके सविस्तर आणि मोकळे लिहूनही जिव्हाळा कुठे उणावत नाही.

तेव्हा पत्रात पान सांगा, वाक्य सांगा. कथेतली सिल्वासाची आजी पुणेरी बोलत असेल तर तसे लिहा. आपल्याकडे भाजीला 'शाक' म्हणणारी मराठी आजी असू शकते, हे लेखकाला दुसरे कोण सांगणार? स्तुतीही अशीच बोट ठेवून करावी. लेखकाची जात, त्याचे घर, यांत शिरू नये. खाली नाव-गाव लिहावे. निनावी पत्र मी तरी वाचत नाही.

राहता राहिली शुद्धलेखनाची भीती. गुजराती शाळेत शिकलेल्या आपल्या मुली-सुनांना मराठी वाचता येते, पण लिहिताना हात अडतो. त्यांनी खुशाल गुजराती लिपीत मराठी लिहून पाठवावे. देवनागरीत उतरवून घेण्याचे काम संपादकांचे. ते करताना त्यांनी 'शाक'ची भाजी करू नये म्हणजे झाले.