विनोदाची शुद्ध प्रत : ‘जाने भी दो यारों’चे पुनःसंस्करण आणि ‘नाचा’ची परंपरा

१

कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारों’ हा हिंदी चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने सात लाख रुपयांहून कमी खर्चात निर्माण केलेल्या या चित्रपटाला चित्रगृहांत मर्यादित प्रतिसाद लाभला. त्याचा खरा प्रेक्षकवर्ग घडला तो दूरदर्शनवरील प्रक्षेपणांतून आणि पुढे घरगुती चित्रफितींतून. महामंडळाने सिद्ध केलेली त्याची पुनःसंस्कारित प्रत २ नोव्हेंबर २०१२ रोजी पुन्हा चित्रगृहांत आली आणि ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या मालिकेतून डीव्हीडीच्या रूपानेही उपलब्ध झाली. डीव्हीडी हे माध्यम आज मागे पडले आहे; परंतु या संस्करणाने पुढे आणलेला प्रश्न मागे पडलेला नाही. विनोदी कलाकृती ‘शुद्ध’ करणे म्हणजे नेमके काय करणे, हा तो प्रश्न होय.

चित्रपटाचे कथानक सर्वपरिचित असले तरी त्याचा सांगाडा येथे नमूद करणे आवश्यक आहे. विनोद आणि सुधीर या दोन गरीब छायाचित्रकारांना मुंबईतील बांधकाम व्यावसायिक तरनेजा व त्याचा प्रतिस्पर्धी आहुजा यांचे गैरव्यवहार टिपण्याचे काम मिळते. एका छायाचित्राचे विवर्धन करताना आयुक्त डिमेलोच्या खुनाचा पुरावा त्यांच्या हाती लागतो. प्रेत सापडते, हरवते, पुन्हा सापडते. आणि अखेरीस सर्व बलिष्ठ मंडळी आपसांत समझोता करून या दोघांनाच तुरुंगात धाडतात. ज्या बागेत ते छायाचित्र घेतले जाते तिचे नाव ‘अँटोनियोनी पार्क’. अँटोनियोनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) या चित्रपटाशी असलेले नाते कुंदन शाह यांनी असे उघडपणे मान्य केले आहे. या उघड ऋणनिर्देशामुळेच समीक्षेचे लक्ष पाश्चात्त्य स्रोतांकडे अधिक वळले आणि चित्रपटाच्या उत्कर्षबिंदूमागील देशी नाट्यपरंपरा दुर्लक्षित राहिली.

२

वार्षिक पुनर्दर्शनाने एखादी विनोदी कृती कशी बदलते, याचे बोधप्रद उदाहरण अमेरिकी नाताळपटांत सापडते. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण १९७४ साली झाले नाही. दूरचित्रवाहिन्या दर नाताळात तो मुक्तपणे दाखवू लागल्या आणि प्रदर्शनकाळी तोट्यात गेलेला चित्रपट सणाचा भाग बनला. पण त्याचा नायक नाताळच्या आदल्या रात्री आत्महत्येस प्रवृत्त झालेला असतो, आणि त्याचे पैसे दडपणारा धनाढ्य पॉटर अखेरपर्यंत शिक्षेवाचून राहतो, याचा सणाच्या उबदार आठवणीत विसर पडतो.

‘जाने भी दो यारों’च्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने घडले. पुनःपुन्हा पाहण्यातून चित्रपटाचे स्मरण महाभारताच्या प्रसंगापुरते उरले. शेवटी कैद्यांच्या वेशात शहरातून चालणारे दोन नायक प्रेक्षकांकडे पाहून गळा चिरल्याची खूण करतात आणि पार्श्वभूमीला आशेचे गीत वाजत असते, हा शेवट मात्र स्मरणातून मागे सरला. डीव्हीडीवर हवा तो प्रसंग थेट निवडण्याची सोय असते, आणि ती या विस्मरणाला अधिकच हातभार लावते. तेव्हा संस्करणाचे मूल्यमापन करताना चित्र किती स्वच्छ झाले, एवढेच पाहून भागत नाही. हास्य आणि त्याखालचे प्रेत यांचा सांधा त्यात टिकला की नाही, हेही पाहावे लागते.

३

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी ग्रंथसंपादनाच्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यातील सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. हस्तलिखितांच्या आधारे त्यांनी द्रौपदीने कृष्णाचा धावा करण्याचा भाग मूळ संहितेतून काढून पाठभेदांच्या टिपांत ठेवला. चिकित्सक संहितेत वस्त्रे पुरवली जातात, पण ती पुरवणारा कृष्ण नसतो. कीर्तनांतून आणि आख्यानांतून रुजलेल्या श्रद्धेला हा निर्णय धक्का देणारा होता. तरीही वगळलेला भाग वाचकापुढे ठेवलेला असल्याने निर्णयाची तपासणी शक्य राहिली. संपादनाची नीती हीच.

चित्रपटाच्या पुनःसंस्करणात अशी टीपयंत्रणा सहसा नसते. ओरखडे, धूळ, चित्राची थरथर आणि ध्वनीतील खरखर दूर केल्याचा अभिमानाने उल्लेख होतो, परंतु कोणता पाठ ‘मूळ’ मानला, हे सांगितले जात नाही. या चित्रपटासाठी अनुपम खेर यांनी साकारलेला ‘डिस्को किलर’ संकलनात पूर्णपणे गळला, आणि पुनःसंस्कारित चित्रपटातही तो नाही. रेणू सलुजा यांच्या संकलनाने चित्रपटाला जी गती दिली ती पाहता ही वगळणूक योग्यच ठरते. त्या पात्राला परत आणण्याची मागणी करण्याचे कारण नाही. मात्र वगळणुकीचा इतिहास कृतीसोबत न राहता आठवणींवर आणि मुलाखतींवर सोपवला जातो, ही उणीव गंभीर आहे.

शुद्धीची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. प्रतीवरचे ओरखडे हा काळाचा प्रक्षेप असतो, तो काढणे रास्त. याउलट अपुरे नेपथ्य, कोंदट खोल्या, असमान प्रकाश हे या चित्रपटाच्या निर्मितीचे वास्तव आहे. दोन कफल्लक छायाचित्रकारांची गोष्ट तितक्याच कफल्लक साधनांनी सांगितलेली आहे. ही दरिद्री पोत झाकणारे संस्करण कृतीचा अर्थच बदलेल. ध्वनीची गोष्ट निराळी. महाभारताच्या प्रसंगात अनेक पात्रे एकाच वेळी बोलतात, एकमेकांची वाक्ये तोडतात आणि मध्येच आंधळा धृतराष्ट्र काय चालले आहे असे विचारत राहतो. हा विनोद शब्दाशब्दावर उभा असल्याने येथे ध्वनीची स्वच्छता चित्राहूनही मोलाची ठरते.

४

आता त्या प्रसंगाकडे वळता येईल. द्रौपदीवस्त्रहरणाचा नाट्यप्रयोग चालू असतो. पुरावा वाचवू पाहणारे नायक डिमेलोच्या प्रेताला साडी नेसवून त्याचीच द्रौपदी करतात. प्रेत हवे असलेले सर्वजण रंगमंचावर शिरतात, कौरवच वस्त्रहरणाला विरोध करू लागतात आणि पाहता पाहता प्रयोगात सलीम, अनारकली व अकबर अवतरतात. द्रौपदी येथे पुरुष आहे, मृत आहे आणि भ्रष्टही आहे. सभापर्वातील द्रौपदी पणाला लावलेली वस्तू होती. येथील आयुक्तही ठेकेदारांच्या द्यूतातील पणच आहे. कृष्ण येत नाही. वस्त्रे टिकतात ती लोभामुळे. चिकित्सक आवृत्तीने पांडित्याने रिकामी केलेली जागा चित्रपटाने उपहासाने भरली, असे म्हणता येईल.

या प्रसंगाला मराठी रंगभूमीवर निकटचा पूर्वज आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १६ फेब्रुवारी १९८० रोजी रंगभूमीवर आले. कोकणातील गावकरी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि ते सतत कोलमडत जाते, ही त्याची कल्पना. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने तिला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. थेट प्रभावाचा दावा येथे अभिप्रेत नाही. दोन्ही कृती मुंबईच्या एकाच दशकारंभी घडल्या आणि दोहोंनी पुराणकथेचा प्रयोग मोडण्यात विनोद शोधला, एवढे साम्य तौलनिक अभ्यासाला पुरेसे आहे. भेदही तितकाच लक्षणीय आहे : गवाणकरांच्या नाटकात प्रयोग मोडतो तो हौशी नटांच्या भाबडेपणामुळे, चित्रपटात तो मोडतो सत्ताधाऱ्यांच्या स्वार्थामुळे.

५

या भेदाचा उलगडा करण्यास रायपूर परिसरातील लोकनाट्य साहाय्यभूत ठरते. छत्तीसगडच्या ‘नाचा’मध्ये ‘जोक्कड’ हा विदूषक आणि स्त्रीवेषधारी पुरुष ‘परी’ ही प्रमुख पात्रे असून त्यातील विनोदी प्रहसनांना ‘गम्मत’ म्हणतात. विदर्भातील ‘खडी गंमत’शी असलेले हे नामसाम्य, १८५४ पर्यंत टिकलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्याच्या पार्श्वभूमीवर, मराठी अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने तपासण्याजोगे आहे. याच प्रदेशातील ‘पंडवानी’त महाभारत एकट्या गायकाच्या देहातून उभे राहते, तीजनबाईंच्या हातातील तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो. वस्तूचे असे रूपांतर हा लोकरंगभूमीचा स्वभावच आहे. प्रेताची द्रौपदी होणे त्याच स्वभावात बसते.

रायपूर येथे जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी १९७३ मध्ये त्याच शहरात नाचा कलावंतांची कार्यशाळा घेतली. तिच्यातून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद’ हे नाटक साकारले, आणि १९७५ मध्ये विजयदान देथा यांच्या कथेवर आधारित ‘चरणदास चोर’ आले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी लालूराम आदी छत्तीसगडी नटांना घेऊन ‘चरणदास चोर’ पडद्यावर आणला. चोर खरे बोलण्याचे व्रत घेतो, प्रेक्षक शेवटपर्यंत हसत राहतात आणि व्रत न मोडल्याबद्दल चोर मारला जातो. विनोदाच्या अखेरीस सत्यवादी माणसाचा बळी जाणे हे सूत्र ‘जाने भी दो यारों’च्या आठ वर्षे आधी या भूमीवर पूर्णत्वाला गेलेले होते. लोकनाट्यात हास्य हे शोकांतापासून पळ काढण्याचे साधन नसते. प्रेक्षकाला त्या शोकांतापर्यंत बेसावधपणे नेण्याची ती रीत असते.

या परंपरेच्या संदर्भात पाहिल्यास २०१२ च्या संस्करणाचे श्रेय आणि त्याची उणीव दोन्ही स्पष्ट होतात. झिजलेल्या प्रतींमुळे हरवू पाहणारी कृती त्याने वाचवली, हे कार्य निःसंशय मोठे आहे. २०१७ मध्ये कुंदन शाह यांचे निधन झाले. संकलिका रेणू सलुजा आणि संपादिका शोभा सेनची भूमिका करणाऱ्या भक्ती बर्वे त्याआधीच काळाच्या पडद्याआड गेल्या होत्या. निर्मितीची साक्ष देऊ शकणारी माणसे अशी कमी होत असताना, वगळलेल्या भागांची नोंद, संहितेचे निरनिराळे खर्डे आणि लोकनाट्याशी असलेले अनुबंध यांसह चित्रपटाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम अद्याप बाकी आहे. ते काम चित्रपटसंग्रहालयांनी एकट्याने करण्याचे नाही. पाठचिकित्सेची शिस्त ज्यांच्याकडे आहे, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात उतरले पाहिजे; अन्यथा द्रौपदीची साडी तेवढी उजळ दिसेल आणि त्या साडीतले प्रेत कोणाचे, हे पुढील पिढीला कळणार नाही.