शेवटच्या कडव्यातला वामन

पेपरवर आपलं नाव कितवं येणार यावरून लॅबमध्ये काय काय होतं, ते तुम्हाला लवकरच कळेल. त्याआधी वामनदादा कर्डक ऐकून घ्या.

दादा (1922–2004) आमच्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरं शिकले आणि 1943 पासून गाणी लिहू लागले. स्वतः गायचेच, पण त्यांची भीमगीतं इतर गायकांनीही गावोगाव नेली. अशा वेळी लोकांच्या लक्षात राहतो तो गायक. दादांनी यावर जुनाच उपाय वापरला: अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, तसा शेवटच्या कडव्यात ‘वामन’. नाव चालीत असं बसवलेलं की काढलं तर ओळच लंगडी होते. कॅसेटचं कव्हर हरवू दे, नाव डेटाच्या आतच आहे!

आता उलट उदाहरण बघा. ‘सांगत्ये ऐका’ (1959) मधलं ‘सांगा या वेडीला’ दादांचंच. पण सिनेमाच्या गाण्यात नाममुद्रेला कुठली जागा? त्याच सिनेमातल्या ‘बुगडी’चे गदिमा लोकांना पटकन आठवतात, दादा नाही.

एक खटकतं. ‘वामन’ आणायचा म्हणून काही गाण्यांचं शेवटचं कडवं उपदेशाकडे वळतं आणि आधीची धार जाते. तरी अभ्यास करायचा तर त्याच कडव्यापासून सुरुवात करा. मिरवणुकीतल्या डीजेवर ते ऐकायला मिळेलच असं नाही. दोन कडवी झाली की तिथे पुढचं गाणं लागतं.