सैरंध्रीचें बळ

२१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या वेळीं कलेक्टर जॅक्सन मारला गेला. १९१० सालीं खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारनें बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, भीम म्हणजे जहाल पक्ष, असा अर्थ प्रेक्षक लावीत आणि सरकारही लावी. रूपकाच्या या भरांत जिच्यावर हात पडला ती स्त्री मात्र मागें राहिली. आज नाशकांत काय, अन्यत्र काय, शाळांतील मुलींना आत्मरक्षण शिकवावें असा आग्रह चालू असतां, ही कथा सैरंध्रीच्या बाजूनें वाचणें अगत्याचें आहे.

विराटपर्वांतील द्रौपदी अबला नाहीं. कीचकानें धरतांच ती त्याला हिसडा देऊन भुईवर पाडते. पण हा कीचक कोणी वाटमाऱ्या नव्हे. तो राणीचा भाऊ, आणि मद्य आणण्याच्या निमित्तानें तिला त्याच्या घरीं धाडणारी खुद्द राणीच! आजही बहुतेक अत्याचारी ओळखीचेच असतात. म्हणूनच कॅनडांतील विद्यापीठांत बारा तासांच्या ज्या शिक्षणाचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत परिचिताकडून येणारा धोका ओळखणें व भीड सोडणें यांवर भर होता. वर्षभरांतील बलात्कारांचें प्रमाण इतर विद्यार्थिनींत शेंकडा ९.८, तर शिकलेल्यांत ५.२ आढळलें. तेव्हां हे वर्ग निरुपयोगी, असें कोणीं म्हणूं नये.

परंतु कथा येथें संपत नाहीं. सुटलेली द्रौपदी धांवत राजसभेंत जाते. तेथें राजादेखत कीचक तिचे केंस धरून तिला लाथ मारतो, आणि राजा त्याला आवरीत नाहीं. तिचें बळ कमी पडलें नाहीं. सभा कमी पडली.

आमच्याच महाराष्ट्रांत १९७२ सालीं देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहींत, हेंही एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं आरोपी पोलिसांस सोडलें. लोकक्षोभानंतर १९८३ सालीं कायदा बदलला. अंगानें प्रतिकार न करणें म्हणजे संमति नव्हे, हें २०१३ सालीं त्यांत स्पष्ट लिहिलें गेलें. ज्या समाजांत आत्मरक्षण हें मुलीचें कर्तव्य ठरेल, तेथें भयानें थिजलेली मुलगीच पुन्हां अपराधी ठरण्याचा धोका आहे.

मुलीला हिसडा देण्यास अवश्य शिकवावें. पण तो न साधला तरी दोष तिचा नव्हे, हेंही त्याच वर्गांत सांगावें. आणि सभेंत बसणाऱ्या आपण सर्वांनीं भीमाची वाट न पाहतां उठावयास शिकावें.