बोगमाळोची विमाने : जतन आणि जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द गोमंतकातील मराठी घराण्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झाले, लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे आणले गेले आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्याची साक्ष देणारा शिलालेख तेथे आजही आहे. अलीकडे त्याच देवालयाचे पुन्हा नूतनीकरण होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत ते भाविकांसाठी खुले झाले. साडेतीनशे वर्षांत या वास्तूचे लाकूड, चुना आणि कौले कितीदा बदलली असतील. परंतु त्यामुळे देवस्थान बदलले असे कोणी म्हणत नाही. पूजा चालू आहे, तोवर देवस्थान तेच. द्रव्य बदलले तरी परंपरा टिकते, ही आपली जीर्णोद्धाराची कल्पना.

हीच कल्पना निवृत्त सैनिकी विमानांना लावता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो दूरचा वाटण्याचे कारण नाही. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, भारतीय नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. इमारतीत शस्त्रे, छायाचित्रे व प्रतिकृती आहेत. विमाने मात्र आवारात उघड्यावर मांडलेली आहेत. नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ १९५३ साली कोचीन येथे ज्या सीलँड जातीच्या, पाण्यावर व जमिनीवर उतरणाऱ्या विमानांनी झाला, त्यांपैकी एक येथे आहे. नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढून नेणारे फायरफ्लाय आहे. सी हॉक आणि अलिझे ही विमानवाहू जहाजावरील विमाने आहेत. १९८३ मध्ये दाबोळीस आलेल्या आणि २०१६ मध्ये येथूनच निरोप घेतलेल्या सी हॅरियर जातीचाही नमुना आहे. या सर्वांत भव्य म्हणजे तीन शेपट्यांचे, चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाची ‘रानी ऑफ एलोरा’ म्हणून त्याने प्रवासी वाहिले, पुढे ते हवाईदलाकडे गेले आणि अखेरीस नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले.

नौदलाने ही विमाने भंगारात जाऊ दिली नाहीत, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. तिचे मोल कळण्यासाठी ‘विक्रांत’ची गोष्ट आठवावी. १९६१ च्या मार्चमध्ये नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका त्याच वर्षी डिसेंबरात गोमंतक मुक्तीच्या वेळी किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्तीवर होती. बाहेरून कोणी मध्ये पडू नये, हे तिचे काम. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार येथे हल्ले केले. १९९७ साली ती निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झाले आणि २०१४ मध्ये ती तोडण्यास गेली. ‘विराट’चे भाग्यही निराळे नव्हते. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या त्या नौकेचे संग्रहालय सिंधुदुर्गात निवतीजवळ, म्हणजे पेडण्याच्या जवळजवळ शेजारी, करावयाचे होते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटी रुपयांच्या त्या योजनेस मान्यताही दिली. तरी २०२० मध्ये नौका अलंगच्या किनाऱ्यावर भंगारासाठी पोचली. दोन्ही नौका गेल्या. त्यांच्या धावपट्टीवरून उडालेल्या जातींची विमाने बोगमाळोस उरली आहेत. म्हणूनच त्यांच्या जतनाची चिकित्सा अधिक काटेकोर असावी, असे आम्हांस वाटते.

विमान कशाने मरते, हे आधी पाहू. त्याचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. बळकटीसाठी त्यात तांबे मिसळलेले असते आणि त्या तांब्यामुळेच हा धातू मिठाला लवकर बळी पडतो. खाऱ्या वाऱ्यातील क्षार पत्र्यावर बसतात, प्रथम बारीक खळगे पडतात, मग धातूच्या थरांचे पापुद्रे सुटू लागतात. जेथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तेथे ओलाव्यात ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजते. पंखांच्या खालची पाणी निथळण्याची भोके पालापाचोळ्याने बुजली की आत पाणी साचते. गोमंतकात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांत ऊन असते. त्या उन्हाने वैमानिकाच्या कक्षाची पारदर्शक काच तडकते व चाकांचे रबर वाळते. समुद्राकाठी उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही विमानाची हीच कुंडली आहे.

यावर सर्वत्र योजला जाणारा सोपा उपाय म्हणजे रंग. रंगाने विमान नवे दिसते. परंतु गंज पूर्ण काढल्यावाचून दिलेला रंग ओलावा आत कोंडतो आणि झीज दृष्टीआड करतो. शिवाय घासून काढलेला जुना रंग हाही एक पुरावा असतो. सुपर कॉन्स्टेलेशनसारखे विमान प्रवासी कंपनी, हवाईदल आणि नौदल अशा तीन घरांत नांदलेले. त्याच्या पत्र्यावरचे थर, डागडुजीचे ठिगळ, कोणा कारागिराने खडूने वा रंगाने घातलेला आकडा, हे सारे त्याचे चरित्र आहे. आपल्या घरांतील मोडी कागदांची शाई फिकी झाली तर आपण त्यावर नवी शाई गिरवीत नाही. कागद कोरड्या जागी ठेवतो, कसर लागू देत नाही, नक्कल वेगळी करून घेतो. संग्रहालयातील विमान हे पोथीच्या जातीचे आहे, देवालयाच्या नव्हे. त्याची पूजा म्हणजे उड्डाण, आणि ते थांबलेले आहे. आता त्याच्यापाशी उरली आहे ती साक्ष, आणि ती त्याच्या द्रव्यातच आहे.

याउलट उदाहरणही आहे व ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. भंगारात सापडलेले एक जुने डकोटा विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली उडत भारतात आले. राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाईदलास भेट दिले. त्याचे नाव ‘परशुराम’, म्हणजे कोकणभूमीच्या आद्य पुरुषाचे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन गेलेल्या पहिल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्यास देण्यात आला. येथे पूजा चालू आहे: विमान उडते, इंजिनाचा आवाज नव्या पिढीच्या कानी पडतो. पण उडणाऱ्या विमानाचे झिजलेले भाग बदलावेच लागतात, आणि अंगावरचा क्रमांकही दुसऱ्याचा आहे. हा नार्व्याच्या जातीचा जीर्णोद्धार झाला. आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की कोणत्या विमानाचा जीर्णोद्धार करावयाचा व कोणत्याचे जतन, हे आधी ठरवून मग हातात कुंचला घ्यावा. आणि काय मूळचे, काय नवे, हे प्रेक्षकास पाटीवर सांगावे.

आक्षेप येईल की मुलांना चकचकीत विमानच आवडते, आणि सैन्यदलाचा पैसा उडणाऱ्या विमानांसाठी असतो. दोन्ही खरे आहे. परंतु छप्पर हा रंगापेक्षा फारसा चैनीचा खर्च नाही; तो एकदाच करावयाचा असून दरवर्षीचा रंग वाचवितो. आणि मुलांना चकचकीत पत्र्याहून गोष्ट अधिक आवडते.

गोष्टीचेच घ्या. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी उखडली. विमानतळाच्या इमारती मात्र सांभाळल्या. त्याच रात्री घाईने बुजविलेल्या धावपट्टीवरून, दिवे न लावता, दोन पोर्तुगीज विमाने समुद्रालगत खालून उडत कराचीकडे निसटली. त्यांतील एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. आज त्याच धावपट्टीच्या शेजारी त्याच जातीचे विमान भारतीय नौदलाच्या खुणा घेऊन उभे आहे. एक सत्ता जाताना ज्या बनावटीच्या विमानात बसली, त्याच बनावटीच्या विमानाने दुसरीच्या समुद्राची राखण केली. असा योग कोणत्याही कल्पित कथेत खोटा वाटला असता. बोगमाळोच्या प्रेक्षकासमोर ही जोड ठळकपणे मांडली गेली पाहिजे. त्या डिसेंबरात ज्यांना समज होती ते आज सत्तरीत वा त्यापुढे आहेत. डिचोली, पेडणे, सत्तरी येथील त्यांच्या आठवणी टिपण्यास पुढची पाच-दहा वर्षेच हाती आहेत.

पेडण्यास तर आता स्वतःचा विमानतळ आहे. मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. त्यासाठी सड्यावरील धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्या तालुक्याने इतके दिले तेथे गोमंतकाच्या हवाई इतिहासाचे एखादे बंद दालन मागणे अवाजवी नाही. हातांचाही तुटवडा नाही. डिचोलीच्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा टिपर, खोदयंत्रे व बार्जेस दुरुस्त करणारे कितीतरी कसबी कारागीर रिकामे झाले. गंज काय असतो व तो कसा थोपवावा, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांनीच अमेरिकेत पडून असलेले सुपर कॉन्स्टेलेशन घराण्यातील एक सैनिकी विमान सज्ज केले आणि १९९६ साली उडवीत आपल्या देशी नेले.

दाबोळीवरून १९७७ पासून समुद्र टेहळणारी आयएल-३८ विमाने २०२३ मध्ये निवृत्त झाली. निवृत्तांची रांग अशी वाढतच राहणार. आमची मागणी थोडी आहे. मौल्यवान चार-पाच विमानांवर छप्पर, प्रत्येक विमानाची स्थिती नोंदविणारी वही, मूळ व बदललेले भाग सांगणारी मराठी-कोंकणी पाटी. आणि वाचकांकडे एक विनंती: आपल्या माळ्यावरच्या पेटीत १९६१ चे छायाचित्र, पत्र वा रोजनिशी असेल तर ती कसरीच्या हवाली करू नये. तिची नक्कल करून मंडळाच्या दप्तरी जमा करावी. मूळ प्रत घरातच, कोरड्या जागी, राहू द्यावी.