वरच्या पायरीवरील मक्तेदारी : उच्चश्रेणीतील ग्राफिक्स कार्डांच्या किमतींचे परीक्षण

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार येथील कृषी उत्पन्न बाजारात सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवीत नाही. हर्रासात बोली होते आणि जो भाव निघेल तो त्याला स्वीकारावा लागतो. विक्रेते अनेक, माल जवळजवळ एकजिनसी आणि एकाने आपला माल परत नेला तरी भाव हालत नाही, ही पूर्ण स्पर्धेची लक्षणे विक्रेत्यांच्या बाजूने येथे बऱ्याच अंशी आढळतात. त्याच शेतकऱ्याच्या मुलाला संगणकासाठी उच्चश्रेणीचे ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे झाल्यास परिस्थिती नेमकी उलट होते. तेथे किंमत विक्रेता जाहीर करतो. विकताना भाव स्वीकारणारे कुटुंब खरेदी करतानाही भाव स्वीकारणारेच राहते.

या बाजाराविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. एनव्हिडिया आणि एएमडी हे दोन समर्थ उत्पादक असून २०२२ पासून इंटेलही स्वतंत्र कार्डांसह त्यांत सामील झाल्याने स्पर्धा पुरेशी आहे, हे पहिले मत. या उत्पादकांत छुपा समझोता असल्यामुळेच किमती वाढतात, हे दुसरे. दोन्ही मतांत एकच उणीव आहे. ती संपूर्ण उद्योगाला एक बाजार समजतात आणि विक्रेत्यांची शिरगणती करून निष्कर्ष काढतात.

केवळ शिरगणतीने अल्पाधिकाराचे स्वरूप कळत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवे नाही. कूर्नो यांच्या १८३८ च्या प्रतिमानात दोन विक्रेते उत्पादनाचे प्रमाण ठरवितात व किंमत परिव्ययाहून वर राहते. बर्त्रां यांनी १८८३ मध्ये त्यावर टीका करताना दाखविले की, माल एकसारखा असून स्पर्धा किमतीची असेल, तर दोनच विक्रेतेही किंमत परिव्ययापर्यंत खाली आणू शकतात. तेव्हा निर्णायक प्रश्न विक्रेते किती हा नसून त्यांचा माल परस्परांचा पर्याय आहे काय, हा आहे.

पर्याय जवळचा होता तेव्हा काय घडले, याची साक्ष इतिहासात आहे. जून २००८ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आले. प्रतिस्पर्ध्याचे रेडिऑन एचडी ४८७० हे कार्ड २९९ डॉलरला येताच काही आठवड्यांतच जीटीएक्स २८० ची किंमत ४९९ डॉलरवर उतरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडीने आर९ २९०एक्स हे कार्ड ५४९ डॉलरला आणले, तेव्हा जीटीएक्स ७८० ची किंमत पुन्हा ६४९ वरून ४९९ वर आणावी लागली. दोन्ही प्रसंगी विक्रेते दोनच होते. तरीही स्पर्धा खरी होती, कारण दोघे एकाच पायरीवर उभे होते.

अलीकडच्या किमती पायरीवार पाहिल्यास चित्र बदलते. आरटीएक्स ४०८० हे नोव्हेंबर २०२२ मध्ये १,१९९ डॉलरला आले. पुढील महिन्यात एएमडीचे आरएक्स ७९०० एक्सटीएक्स ९९९ डॉलरला उपलब्ध झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये ४०८० सुपर हे सुधारित कार्ड त्याच ९९९ डॉलरला काढण्यात आले. याउलट सर्वोच्च पायरीवरील आरटीएक्स ४०९० ला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नव्हता. त्याची जाहीर किंमत १,५९९ डॉलरच राहिली आणि २०२५ च्या प्रारंभी आलेल्या ५०९० ची किंमत १,९९९ डॉलर झाली. एकच उत्पादक, एकच कालखंड, परंतु शेजारच्या दोन पायऱ्यांवर दोन भिन्न वर्तने, असा हा प्रकार आहे. समझोत्याच्या कल्पनेने त्याचा उलगडा होत नाही. पर्यायाच्या सान्निध्याने तो होतो.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला परिव्ययाचा. २०१७ चे जीटीएक्स १०८० टीआय ६९९ डॉलरचे होते. त्याची चकती ४७१ चौरस मिलिमीटरची, तर ५०९० ची सुमारे ७५० ची आहे. स्मृतीही ११ गिगाबाइटवरून ३२ वर गेली आहे. शिवाय २०१७ मध्ये त्याच्याही वर टायटन एक्सपी हे १,२०० डॉलरचे कार्ड होते, त्यामुळे ६९९ ते १,९९९ ही तुलना सरळ करणे अन्यायाचे ठरेल. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. तथापि ७९०० एक्सटीएक्स आणि ४०९० या दोहोंची स्मृती २४ गिगाबाइटच असून किमतीत ६०० डॉलरचे अंतर होते. ४०९० ची चकती मोठी व तिची गती अधिक हे खरे. परंतु एवढे अंतर केवळ परिव्ययातून निघते असे म्हणणे कठीण आहे. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. २०२५ मध्ये एएमडीने ५९९ डॉलरच्या ९०७० एक्सटीवरच आपली मालिका थांबविली, तरी ५०८० ची जाहीर किंमत ९९९ डॉलरच ठेवली गेली. यावरून असे दिसते की, प्रतिस्पर्ध्याखेरीज ग्राहकाचा नकारही किमतीस आवर घालतो. १,१९९ डॉलरच्या ४०८० ला मिळालेला थंड प्रतिसाद विक्रेत्याच्या ध्यानात राहिला असावा.

मग वरची पायरी ओस का पडली? याचे उत्तर मागणीच्या पालटलेल्या स्वरूपात आहे. पूर्वी हे कार्ड मुख्यतः खेळांसाठी घेतले जाई आणि खेळ दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालत. २००७ मध्ये एनव्हिडियाने कूडा ही आज्ञावली-व्यवस्था उपलब्ध केल्यानंतर शास्त्रीय गणन व पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता यांची साधने तिच्याभोवती रचली गेली. त्यामुळे खेळात तुल्यबळ असणारे दुसरे कार्ड गणनात पर्याय ठरत नाही. मूल्यभेदही येथूनच उद्भवतो. ४०९० मध्ये वापरलेल्या एडी१०२ याच चकतीवर आधारलेले, ४८ गिगाबाइट स्मृतीचे व्यावसायिक कार्ड सुमारे ६,८०० डॉलरला विकले गेले. स्मृती दुप्पट आहे, पण किंमत चौपटीहून अधिक.

हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही. जवळा बाजार ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. अशा लहरींच्या विश्लेषणात समांतर गणन करणाऱ्या प्रक्रियकांचा उपयोग जगभर होत आहे. मोठ्या संस्थेला आपले गणन कसेही भागविता येईल. परंतु त्या शास्त्राकडे वळू पाहणाऱ्या जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यापुढे भारतात २,१४,००० रुपये जाहीर किंमत असलेले ५०९० असते, आणि त्या किमतीत १८ टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत असतो. कर कमी केल्याने हा भार हलका होईल. वरची पायरी मात्र त्याने भरून निघणार नाही.

तात्पर्य, या उद्योगात स्पर्धा आहे की नाही, हा प्रश्नच सदोष रीतीने मांडला जातो. ती काही पायऱ्यांवर आहे, काहींवर नाही. आणि जेथे नाही तेथे विक्रेत्यांची संख्या वाढविण्यापेक्षा आज्ञावली एका कार्डावरून दुसऱ्यावर नेता येणे अधिक परिणामकारक ठरेल. विद्यापीठांनी आपल्या गणनाचे अभ्यासक्रम व संशोधन-आज्ञावल्या एकाच उत्पादकाच्या व्यवस्थेत लिहिल्या, तर उद्याच्या किमतीवरील आपला हक्क त्यांनी आजच सोडून दिला, असे म्हणावे लागेल.