मायना, मजकूर आणि सही

टीका लिहायची ती पुस्तकांवर, असा आपल्याकडे एक संकेत आहे. पण मराठी घरांतून पुस्तकांपेक्षा किती तरी अधिक वाचले गेले ते निरोप. पोस्टकार्ड, आंतरदेशीय, तार, मनीऑर्डरच्या कुपनावर कोंबलेल्या दोन ओळी, आणि आता मोबाइलवरचा संदेश. फराळाच्या बशीशेजारी तो मोबाइल आज घरोघर उताणा पडलेला असणारच. तेव्हा त्यातल्या मजकुराची जरा झडती घ्यावी म्हणतो.

जुन्या पत्राला तीन अंगे असत: मायना, मजकूर आणि सही. तीर्थरूप, तीर्थस्वरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, गंगाभागीरथी! त्या एका शब्दात नाते, वय, आणि बाईच्या बाबतीत नवरा हयात आहे की नाही, हेसुद्धा चव्हाट्यावर येई. या शेवटच्या मायन्यासाठी निदान मी तरी अश्रू ढाळणार नाही. परंतु मायन्याचा एक गुण होता. तो लिहिणाऱ्याला बजावी की, बाबा रे, तू अमुक एका माणसाशी बोलतो आहेस. साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' घ्या. ती एका सुधेसाठी लिहिली, म्हणूनच पुढे हजारो मुलांना ती आपली वाटली. जी. ए. कुलकर्णी माणसांच्या गर्दीपासून दूर राहिले. पण त्यांच्या निवडक पत्रांचे खंड चाळले की वाटते, या माणसाने भेटीगाठींची सगळी हौस टपालातून भागवून घेतली.

मोबाइलने पहिला घाव घातला तो मायन्यावर. आणि त्याला कारण झाले पैशाचे, हे आपण विसरून जातो. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून या देशातल्या मोबाइलचा प्रारंभ केला. त्या काळी बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. मग आपल्या काटकसरी बुद्धीने 'मिस्ड कॉल' काढला. घंटी वाजवायची आणि तोडायची. एक घंटी म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'खाली ये'. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले, त्या जातीचाच हा प्रकार; फरक इतकाच की त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले आणि आमच्या घंटीला उलटी घंटी.

लेखी संदेशात तर आपली लिपीच महाग ठरली. रोमन अक्षरे एका संदेशात 160 मावत; देवनागरी लिहायला जावे तर 70 वर गाडी थांबे. साहजिकच एका पिढीने मराठी रोमनमध्ये लिहिली. मला, मळा, माळा, माला हे चारही शब्द त्या लिपीत एकाच वेषात येतात आणि वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. 'ळ' आणि 'ण' यांना तर तिथे थाराच नाही. आज देवनागरीची कळपाटी प्रत्येक फोनमध्ये फुकट आहे. तरी पुष्कळांची बोटे अजून जुन्याच वाटेने जातात.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की हा गृहस्थ जुन्याचे श्राद्ध घालायला बसला आहे. तसे नाही. पत्राची थोरवी गाताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे झाकतो: पत्र हे लिहितावाचता येणाऱ्यांचे होते. गिरणगावातला चाकरमानी दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई. गावी त्याची आई ते पोस्टमनकडून वाचून घेई. मधल्या दोन तोंडांतून जाताना मालवणी गळून जाई आणि उरे ती 'वरील सर्व खुशाल' छापाची शाळेतली मराठी. आज तीच म्हातारी फोनवरची खूण दाबून धरते आणि 'झिला, जेवलंस काय रे?' असे तिच्याच हेलात बोलते. मध्ये कोणी नाही. शंभर वर्षांच्या पत्रलेखनाने अहिराणीला, मालवणीला, वऱ्हाडीला जे स्थान दिले नाही, ते या ध्वनिसंदेशाने दिले. माझ्या मते मोबाइलने मराठीला दिलेले हे सर्वांत मोठे दान आहे, आणि आपल्या समीक्षकांनी त्याची दखलही घेतलेली नाही.

माझे खरे भांडण आहे ते सहीशी. म्हणजे ती नसण्याशी. पूर्वी निनावी पत्र आले तर घरातला कर्ता माणूस ते चुलीत घाली. आज निनावी मजकूर आपण आदराने पुढे ढकलतो. पु. ल. देशपांडे आणि कुसुमाग्रज यांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेला मजकूर बिनदिक्कत फिरतो. त्यात वाङ्मयाचे हसे होते, एवढेच. पण 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी फिरते आहे या अफवेवर विश्वासून जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. अशा अफवा त्या दिवसांत फोनाफोनी पसरत होत्या आणि त्यांच्याखाली सही कोणाचीच नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असा निर्बंध घातला. निर्बंध संख्येवर आला. मजकूर कोणाचा, हा प्रश्न तिथेच राहिला.

दिवाळीच्या शुभेच्छांचेही तेच. पणतीच्या चित्राखाली सुभाषित, त्याखाली तिसऱ्याच कुटुंबाचे नाव. ते खोडायचेसुद्धा राहून गेलेले!

आणखी एक अडचण. जुन्या घरात आलेली पत्रे तारेच्या आकड्यात खोचलेली असत. वीस वर्षांनी तार उपसली की तळाशी आजोबांचे कार्ड निघे. म्हातारीचा हेल मात्र फोनबरोबर पाण्यात पडतो. माझ्या ओळखीच्या एका मालवणी बाईंनी आईचे ध्वनिसंदेश ऐकून ऐकून शंभर पानी वहीत उतरवून काढले आहेत. वही मी पाहिली. अर्धा मजकूर कोकमाच्या भावाचा, उरलेला शेजारणीच्या तक्रारींचा. मायना प्रत्येक वेळी एकच, 'बाय गे'. एखाद्या प्रकाशकाने ती वही एकदा मागवून बघावी.