व्यवधान आणि प्रयोजन : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मकथनांतील ख्रिस्ती श्रद्धा

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयाच्या जडणघडणीत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केलेल्या लेखक-लेखिकांचा वाटा महत्त्वाचा आहे. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही त्यांतील ठळक नावे. या लेखनाकडे सामान्यतः धर्मांतराच्या हकिकती म्हणून पाहिले जाते. परंतु धर्म बदलला म्हणजे जीवनाचे प्रयोजन सापडले, असे या ग्रंथांत घडत नाही. प्रयोजनाचा शोध बाप्तिस्म्याच्या आधी सुरू होतो आणि बाप्तिस्म्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहतो. दरम्यान संसार, आजारपण, पैशाची ओढाताण, संस्थेचा कारभार ही व्यवधाने सुटत नाहीत.

नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची कथा आहे. येशू घरी आला असता मरीया त्याच्या पायाशी बसून त्याचे बोलणे ऐकते. मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतून पडते व बहीण मदत करीत नाही म्हणून तक्रार करते. येशू मरीयेची निवड उचलून धरतो. प्रवचनपरंपरेत या कथेचा अर्थ बहुधा असा लावला जातो, की प्रपंचाची व्यवधाने दूर सारल्याशिवाय ईश्वरसान्निध्य लाभत नाही. हा अर्थ रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या आत्मकथनांना कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रचलित वाचनाच्या मर्यादा

'स्मृतिचित्रे'चे पहिले प्रकरण 'संजीवनी' साप्ताहिकातून वाचकांसमोर आले आणि ग्रंथाच्या प्रकाशनास १९३४ साली आरंभ झाला. तेव्हापासून समीक्षकांनी त्यातील निर्मळ विनोद, बोलीचा गोडवा, प्रांजळपणा आणि पतिपत्नींच्या नात्याचे चित्रण यांचा मुक्तकंठाने गौरव केला. महाविद्यालयीन वर्गांतही हा ग्रंथ प्रायः याच अंगाने शिकविला जातो. त्यातील श्रद्धेचा भाग मात्र चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला राहतो. याउलट धार्मिक वर्तुळातील वाचन या ग्रंथातून साक्ष तेवढी वेचून घेते आणि स्वयंपाकघर, भांडणे, उसनवारी यांना किरकोळ मानते. दोन्ही वाचने परस्परविरोधी दिसली, तरी संसार वेगळा आणि श्रद्धा वेगळी हे गृहीतक दोहोंत समान आहे. 'स्मृतिचित्रे'ची रचना हे गृहीतक स्वीकारत नाही.

रमाबाई : धर्म स्वीकारल्यानंतरचा शोध

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) पूर्वायुष्य तीर्थाटनात गेले. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने व्रते, अनुष्ठाने व दानधर्म यांत जवळचे सर्व वेचले आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. पुढे भाऊ व पती यांच्या मृत्यूनंतर रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'साक्षी'त त्यांनी एक भेद स्पष्ट केला आहे. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त आपणास लाभला नव्हता, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे त्या या अपूर्णतेत होत्या. याच काळात त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, निधी उभारला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदनाची स्थापना केली. सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलविण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्यास हे आयुष्य प्रयोजनाने काठोकाठ भरलेले दिसते. तरीही आतली पोकळी त्या नोंदवितात. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचल्याचा परिणामही त्यांनी सांगितला आहे. धर्मोपदेश करणाऱ्या माणसासही परिवर्तनाची गरज असू शकते, हा त्या आत्मकथनाचा गाभा होता. १८९१ च्या सुमारास आपणास ख्रिस्ताचा प्रत्यक्ष लाभ झाल्याचे त्या सांगतात.

येथे व्यवधानाची नेहमीची व्याख्या अपुरी ठरते. व्यवधान म्हणजे केवळ क्षुल्लक गोष्टींत मन रमणे नव्हे. सत्कार्यही व्यवधान होऊ शकते. मात्र रमाबाईंनी यावर काम कमी करण्याचा उपाय केला नाही. १८९१ नंतर त्यांचा व्याप वाढतच गेला. शारदा सदनात धर्मप्रसार होतो या आरोपावरून १८९३ साली न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपदांचे राजीनामे दिले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली-बायकांना आणून त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला व तेथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि मृत्यूपूर्वी ते काम संपविले. काम तेच राहिले; त्याचा आधार बदलला.

तथापि 'साक्षी'ची एक वाङ्मयीन मर्यादा नोंदवली पाहिजे. साक्ष या प्रकारात जे घडले त्याचे श्रेय ईश्वराकडे जावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे सदनातील रोजची धावपळ, हिशेब, कुरबुरी यांना तेथे फारसा वाव मिळत नाही. प्रयोजन गवसल्याचे वाचकास कळते, पण ते गवसल्यानंतर सोमवारची सकाळ कशी उजाडते, हे कळत नाही.

लक्ष्मीबाई : सोवळ्यापासून शेजारधर्मापर्यंत

ती सकाळ 'स्मृतिचित्रे'त पानोपानी भेटते. लक्ष्मीबाईंच्या (१८६८–१९३६) माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक होते, की बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घेतले जात. शुद्धतेच्या ध्यासाने अख्खे घर वेठीस धरलेले आहे. हा ध्यासही धर्माच्या नावाचेच व्यवधान आहे, हे लेखिका टीकेचा सूर न लावता केवळ प्रसंगांतून दाखविते. लग्नानंतर नारायण वामन टिळकांच्या भटक्या, उदार व विसराळू स्वभावामुळे संसाराला स्थैर्य उरले नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. त्यांनी पुढे बाप्तिस्मा घेतला तो केवळ पतीच्या मागोमाग, असा आक्षेप घेतला जातो. ग्रंथातील घटनाक्रम त्यास पुष्टी देत नाही. पतीचे अनुकरण एवढाच हेतू असता, तर मधली सुमारे पाच वर्षे पडली नसती. त्या परतल्या तेव्हाही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. एकाच नवऱ्याच्या संसारात दोन धर्म व दोन चुली नांदल्या. जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला. उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. म्हणजे श्रद्धेची पहिली खूण उपासनामंदिरात नव्हे, तर पाण्याच्या भांड्यापाशी उमटली. ज्या स्वयंपाकघरात सोवळ्याने माणसे दूर ठेवली होती, तेथेच ती आत घेतली गेली.

यानंतरही लक्ष्मीबाईंचे जीवन निवांत होत नाही. टिळकांच्या घरी अनाथ मुले येतात, पाहुणे येतात, पैसा येण्याआधीच खर्च झालेला असतो. लक्ष्मीबाई रागावतात, रडतात, टोमणा मारतात आणि पुन्हा पदर खोचून उभ्या राहतात. प्लेगच्या साथीत त्या रुग्णांच्या शुश्रूषेला जातात. या प्रसंगांत ईश्वराचे नाव क्वचितच मोठ्याने घेतले जाते. श्रद्धेच्या सिद्धांतांबाबत लेखिका मितभाषी आहे आणि तत्त्वचिंतनाची अपेक्षा ठेवणाऱ्यास ही उणीव वाटेल. परंतु या मितभाषित्वामुळेच कृतीला साक्षीचे मोल येते. विनोद येथे केवळ शैलीचा गुण राहत नाही. स्वतःच्या फजितीकडे हसून पाहणे म्हणजे स्वतःला केंद्रस्थानावरून हटविणे होय. नम्रतेच्या ख्रिस्ती मूल्याचे ते घरगुती रूप आहे.

१९१९ साली टिळकांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुमारे साडेदहा अध्याय लिहून झाले होते. लिहिता-वाचताना जोडाक्षरांशी झगडलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला. मरीयेसारखे पायाशी बसून ऐकणे आणि मार्थेसारखे अर्धवट राहिलेले काम पुरे करणे, या दोन गोष्टी येथे एकच झाल्या.

निष्कर्ष

१. दोन्ही लेखिकांच्या बाबतीत धर्मस्वीकार आणि प्रयोजनाचा लाभ या भिन्न घटना आहेत. रमाबाईंना लाभ बाप्तिस्म्यानंतर झाला. लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी त्याची सुरुवात बाप्तिस्म्यापूर्वी झाली.

२. व्यवधान केवळ ऐहिक नसते. सत्कार्य आणि कर्मकांड यांचेही व्यवधान होऊ शकते. 'साक्ष' पहिल्याचे, तर 'स्मृतिचित्रे' दुसऱ्याचे दर्शन घडवितात.

३. व्यवधानांचा त्याग हा या दोघींचा मार्ग नव्हता. मार्थेच्या कथेतील दोष कामात नसून कामाने माणूस दिसेनासा होण्यात आहे, असा अर्थ त्यांच्या जीवनातून निघतो.

'स्मृतिचित्रे'तून श्रद्धा वजा केली, तर उरणारा विनोद खमंग असला तरी निराधार होतो; आणि संसार वजा केला, तर श्रद्धेला उभे राहायला जागाच राहत नाही. हा ग्रंथ शिकविणाऱ्या अध्यापकाने कोणत्याही धर्माची कड घेण्याची गरज नाही. तथापि लेखिकेने ज्या आधारावर आयुष्य तोलले, तो आधार विद्यार्थ्यांसमोर न मांडणे हे वाङ्मयीनदृष्ट्याही अपुरे वाचन ठरते. परीक्षा, अहवाल आणि बैठका यांच्या गर्दीत आपल्या अध्यापनाचे प्रयोजन शोधणाऱ्या आपणा सर्वांना या ग्रंथांचे असे वाचन उपयुक्त ठरावे.